घाटावरचे मेंढपाळ आणि बदलता पाऊस

अभ्यासपाठ : मंडळीतील अभ्यासगट, महिला संघ व तरुण संघ यांच्यासाठी
वाचन : उत्पत्ति १३:५-१२, २६:१७-२२, ४६:३१ ते ४७:६



भातकापणी आटोपली, मळणी झाली, की आपल्या अलिबाग, पेण, रोहा भागातल्या मोकळ्या खाचरांत मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. मागोमाग घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, एखादे नुकते जन्मलेले कोकरू, आणि पुढे चालणाऱ्या बायामुले. आपण म्हणतो, "धनगर आले," आणि आपल्या कामाला लागतो. ते कुठून आले, का आले, यंदा उशीर का झाला, हे विचारायचे राहून जाते.

या पत्रिकेत आपण बहुतेक वेळा कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी बांधवांविषयी वाचतो. धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत नाही, तो भटक्या जमाती (क) या प्रवर्गात मोडतो. यादीविषयीची त्यांची मागणी आणि त्यावरचा वाद हा या पाठाचा विषय नाही. आपला विषय एवढाच आहे : कमी पावसाच्या प्रदेशात जनावरांवर जगणारी माणसे बदलत्या हवामानाला कशी तोंड देतात, आणि ज्यांच्याकडे जमीन, विहीर आणि अंगण आहे अशा आपल्यासारख्यांचा त्यात काय वाटा आहे.

१. ही माणसे का चालतात?

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि आपल्याकडे रिकामे होतात. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाट चढून पलीकडे उतरले की चित्र बदलते. साताऱ्यातले माण आणि फलटण, पुण्यातले बारामती, अहिल्यानगरमधले पारनेर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तिथे साधारण वर्षात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, वाईट वर्षी त्याहून पुष्कळ कमी. तेवढ्या पावसावर भात होत नाही. बाजरी, मटकी, हुलगा होतो, आणि माळावर आखूड, पण कसदार गवत उगवते. त्या गवतावर मेंढी जगते.

पण ते गवत वर्षभर पुरत नाही. दिवाळीनंतर माळ सुकू लागतो. त्याच वेळी घाटाखाली भात कापून झालेले असते. खाचरांत धसकटे, बांधावर हिरवे गवत, ओढ्यात पाणी असते. म्हणून कळप खाली उतरतो. उन्हाळा संपत आला की त्याला परत वर जावेच लागते, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. लोकर भिजून जड होते, चिखलात खुरे सडतात, ओल्या जागेत बसून ताप आणि सर्दी होते. म्हणजे मेंढपाळाला दोन्ही प्रदेश लागतात, पण प्रत्येक प्रदेश फक्त ठरावीक महिन्यांतच उपयोगाचा असतो.

आपल्याच डोंगरांत राहणारे गवळी धनगर वेगळे. ते म्हशी आणि गाई पाळतात आणि रोहा, माणगाव, महाड, पोलादपूर अशा भागांत डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांत राहतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी धनगरांच्या शाखांचा अभ्यास करून १९८२ साली गवळी धनगरांवर एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. त्यांच्या कामातून हे दिसते की एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाखांनी आपापल्या प्रदेशाच्या पावसाप्रमाणे जनावर निवडले : भरपूर पावसाच्या डोंगरात म्हैस, कोरड्या माळावर मेंढी. हवामानाशी जुळवून घेणे ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट नाही. त्यांची सगळी राहणीच त्यावर बेतलेली आहे.

चालत येणाऱ्या कुटुंबांच्या गटाला वाडा म्हणतात. वाड्यात काही कुटुंबे आणि त्यांच्या मेंढ्या एकत्र असतात. पुढचा मुक्काम कुठे करायचा, कुठल्या शेतकऱ्याशी बोलायचे, हे जाणते पुरुष ठरवतात. मेंढ्या चारायला नेणे हे पुरुषांचे काम. पण बिऱ्हाड उतरवणे आणि लादणे, चूल मांडणे, पाणी शोधणे, मागे राहिलेली कोकरे सांभाळणे, आजारी मेंढीला पाला खाऊ घालणे, हे सारे बायका करतात. मुक्काम हलला की हे सगळे पुन्हा नव्याने. संध्याकाळी वाघर म्हणजे जाळे लावून मेंढ्या आत कोंडतात. कुत्री राखणीला असतात.

२. खाचरातला करार

शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यात जुना व्यवहार आहे. शेतकरी आपल्या खाचरात मेंढ्या रात्री बसवून घेतो. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते, पुढच्या भाताला खत मिळते. त्या बदल्यात वाड्याला पूर्वी भात मिळायचे, आता बहुतेक ठिकाणी रोख पैसे मिळतात. कुठे दोन्ही, कुठे फक्त चारा आणि पाणी.

आपण थळकरांनी यावर जरा जास्त विचार करावा. आपल्या गावाशेजारी १९८५ पासून चालू असलेला आरसीएफचा मोठा कारखाना नैसर्गिक वायूपासून युरिया बनवतो. युरियाने पिकाला नत्र मिळते आणि त्याने देशाची भाताची कोठारे भरली, हे खरेच आहे. पण युरियात फक्त नत्र असते. लेंडीखतात नत्राबरोबर स्फुरद, पालाश आणि जमिनीला भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय अंश असतो. पाऊस कमीजास्त झाला तर सेंद्रिय अंश असलेली जमीन ओल जास्त धरून ठेवते. तेव्हा वाडा आपल्या खाचरात बसतो तेव्हा तो भीक मागत नसतो. तो आपल्याला काही देत असतो.

३. दुष्काळ जुना, पाऊस नवा

मेंढपाळ दुष्काळाला ओळखतो. १९७२ चा दुष्काळ घरोघर आठवणीत आहे. त्यानंतर २०१२-१३ चा आला. २०१८ साली राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, २०२३ साली ४० तालुक्यांत. दुष्काळात काय करायचे, याचे शहाणपण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे : लवकर निघायचे, लांब जायचे, कळप थोडा कमी करायचा.

आज त्यांना जास्त अडचणीत आणते ती पावसाची वेळ. हवामानाचे अभ्यासक सांगतात की अरबी समुद्राचे पाणी तापत आहे आणि त्यावरची वादळे पूर्वीपेक्षा जोरदार होत आहेत. आपण ते ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात पाहिले. आपले पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मेंढपाळाला त्याची झळ आणखी तीन प्रकारे बसते.

पहिला प्रकार म्हणजे थंडीतला अवकाळी पाऊस. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत रात्रभर पाऊस आणि गार वारा झाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर या भागांत हजारो मेंढ्या-शेळ्या गारठून मेल्या. मेंढी थंडी सोसते, कारण लोकरीत हवा अडकून ऊब राहते. पण लोकर चिंब भिजली की तीच ऊब जाते, अंगावर ओले ओझे राहते, आणि वारा सुटला की शरीराची उष्णता झपाट्याने उतरते. उघड्या शेतात आडोसा नसतो. कोकरे आणि गाभण मेंढ्या आधी जातात. एका रात्रीत एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची कमाई मरून पडते.

दुसरा प्रकार म्हणजे लांबलेला परतीचा पाऊस. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की आपली भातकापणी उशिरा होते. वर माळ सुकलेला असतो, खाली खाचरे रिकामी नसतात. अशा वेळी वाडा घाटात, रस्त्याकडेला, कुणाच्या तरी हद्दीत अडकून पडतो. तिथेच भांडणे होतात.

तिसरा प्रकार म्हणजे लवकर आलेला मॉन्सून. २०२५ साली मॉन्सून मुंबईत २६ मे रोजीच पोचला. एरवी तो तिथे ११ जूनच्या सुमारास येतो. जो वाडा "जूनच्या आधी घाट चढू" असा हिशेब धरून असतो, त्याला ते दोन आठवडे फार महाग पडतात.

ओल वाढली की रोगही वाढतात. लहान चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा ब्लू टंग म्हणजे निळ्या जिभेचा आजार पावसाळी, दमट दिवसांत बळावतो. पाणथळ खाचरातल्या गोगलगाईंमार्फत यकृतातले चपटे कृमी मेंढीत जातात. मेंढी खंगते, पोट सुटते, जबड्याखाली सूज येते. म्हणून जाणता मेंढपाळ अगदी ओल्या खाचरात कळप घालायला कां कू करतो. आपल्याला तो नखरा वाटतो, पण ते त्याचे आरोग्यशास्त्र असते.

४. ते काय करतात?

मेंढपाळ सरकारची किंवा आपल्यासारख्या संस्थांची वाट पाहत बसलेले नाहीत. त्यांनी स्वतः केलेले बदल समजून घेऊ.

वाट आणि वेळ बदलणे. पूर्वी ओळखीच्या वाटेने, ओळखीच्या मुक्कामांना जायचे. आता निघण्याआधी मोबाईलवरून विचारपूस होते : कुठे पाऊस झाला, कुठे कापणी झाली, कुठल्या गावात यंदा बसू देत नाहीत. काही वाडे घाटाचा टप्पा ट्रकने पार करतात. त्याला पैसे लागतात, पण रस्त्यावरचे अपघात आणि वाया जाणारे दिवस वाचतात.

जनावर बदलणे. या प्रदेशाची जुनी जात म्हणजे दख्खनी मेंढी. ती लहान असते, लोकर जाडीभरडी, पण लांब चालते, ऊन सोसते, कमी चाऱ्यावर तग धरते. तिच्या लोकरीची घोंगडी सणगर लोक विणतात. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी झाले. अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही. म्हणून मटणासाठी लवकर वाढणारी, सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी अनेकांनी कळपात आणली. ती अंगाने मोठी असते, भाव चांगला मिळतो, पण तिला खायलाही जास्त लागते. वाईट वर्षी हा फरक जाणवतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या प्रश्नावर वेगळा मार्ग शोधला. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ नावाची छोटी मेंढी बऱ्याचदा जुळी कोकरे देते. तो गुण एका जनुकात आहे. संस्थेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गारोळ मेंढ्या फलटणला आणून, संकर करून तो गुण दख्खनी मेंढीत उतरवला, आणि त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. कळप न वाढवता जास्त कोकरे मिळाली तर कमी चराईतही घर चालेल, हा त्यामागचा विचार आहे. पण जुळ्यांना पुरेसे दूध यायला आईला चांगला चारा आणि कोकरांना जास्त काळजी लागते. म्हणजे विज्ञानाने दिलेली देणगीही शेवटी चाऱ्यावर येऊन थांबते. काही कुटुंबे कळपात शेळ्यांची संख्या वाढवतात, कारण शेळी झाडाझुडपांचा पाला खाते आणि गवत नसले तरी निभावते.

लस आणि जंतनाशक. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचायची असते, कारण कोवळे गवत भरपूर खाल्ल्यावर तो रोग अचानक मारतो. शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी म्हणजे पीपीआर हा रोग २०३० पर्यंत जगातून हटवण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवले आहे, आणि त्यावर चांगली लस आहे. तरुण मेंढपाळ हे जाणतात. अडचण अशी की लसीकरणाची फेरी गावात येते तेव्हा वाडा गावात नसतो.

घराची विभागणी. म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले गावी ठेवायची, मधल्या वयाच्यांनी कळपामागे जायचे, ही पद्धत वाढते आहे. त्याने शिक्षण काही प्रमाणात टिकते. पण वाड्यावर हात कमी पडतात आणि बायकांवरचा भार वाढतो.

आडोसा. डिसेंबर २०२१ सारख्या रात्रींनंतर ताडपत्री ही चैन राहिली नाही. पण शेकडो मेंढ्यांना पुरेल एवढी ताडपत्री घोड्यावर लादता येत नाही. म्हणून मुक्काम बांधाच्या, झाडीच्या किंवा एखाद्या गोठ्याच्या आडोशाला मिळणे महत्त्वाचे, आणि तो देणे किंवा न देणे जमीनमालकाच्या हातात असते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. केनियाच्या उत्तरेकडच्या कोरड्या भागात गाई पाळणाऱ्या काही जमाती उंटांकडे वळल्या, कारण उंट पाण्याविना जास्त दिवस काढतो आणि उंच झाडांचा पाला खातो. तिथल्या मार्साबित भागात २०१० पासून एक वेगळा विमाही सुरू झाला. उपग्रहातून जमिनीवरचा हिरवेपणा मोजतात, आणि तो ठरलेल्या पातळीखाली गेला की जनावर मरण्याची वाट न पाहता पैसे देतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. म्हणजे आपल्या बांधावर बसणारा मेंढपाळ जगातल्या एका मोठ्या कुटुंबातला आहे.

५. जे त्यांच्या हातात नाही

वरचे सगळे उपाय एका गोष्टीवर उभे आहेत : चालता आले पाहिजे आणि थांबता आले पाहिजे. कोरड्या प्रदेशात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. एका गावाला पडतो, शेजारचे कोरडे राहते. शेत उचलून पावसाकडे नेता येत नाही, पण कळप नेता येतो. म्हणून चालणे हाच मेंढपाळाचा विमा आहे. "यांना एका जागी बसवा म्हणजे यांचा उद्धार होईल," असे चांगल्या मनाची माणसेही म्हणतात. शिक्षण, दवाखाना, रेशन या गोष्टी त्यांना मिळाल्याच पाहिजेत. पण कळपाला एका माळावर बसवून ठेवले तर पहिल्याच वाईट वर्षी माळही जाईल आणि कळपही.

आणि नेमकी ती चालण्याची सोयच आटत आहे. वर कालव्याचे पाणी गेले तिथे ऊस आला आणि माळ गेला. उसाचे वाढे थोडेफार मिळतात, पण ते माळाची जागा भरून काढत नाहीत. वनखात्याच्या रोपवनांत चराई बंद असते. खाली आपल्याकडे पाहा. अलिबाग-थळ पट्ट्यात खाचरे विकली जात आहेत, त्यांना कुंपणे पडतात, आत बंगले होतात. कुंपण घातलेले खाचर पडीक असले तरी मेंढीला बंद. जिथे शेती टिकली आहे तिथे भातानंतर वाल किंवा पांढरा कांदा घेतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले ही आपल्या शेतकऱ्यांसाठी आनंदाची गोष्ट आहे, आणि कांद्याच्या रानात मेंढी शिरली तर शेतकऱ्याचे नुकसान होते हेही खरे. इथे दोन गरीब माणसांचे पोट एकमेकांसमोर उभे राहते. त्यात कुणा एकाला दोषी ठरवून प्रश्न सुटत नाही.

कायद्यात काही आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. जे दर पंधरा दिवसांनी मुक्काम हलवतात, त्यांच्याकडे कागद कुठून असणार? राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. ती पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत चालते. अर्ज ऑनलाइन करायचा असतो. अर्जाची मुदत असते तेव्हा वाडा कुठल्यातरी खाचरात असतो, हीच पुन्हा अडचण. अवकाळीत मेंढ्या मेल्या तर पंचनामा त्या जागी, त्या वेळी व्हावा लागतो. परक्या तालुक्यात तलाठी कोण, पशुवैद्यकीय दवाखाना कुठे, हे वाड्याला माहीत नसते.

एक गोष्ट आपल्या कामाशी थेट जोडलेली आहे. ज्या महिन्यांत मेंढपाळ घाट उतरून आपल्याकडे येतात, त्याच महिन्यांत आपल्या वाड्यांतले अनेक कातकरी बांधव वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर बाहेरगावी जातात. आपल्या कातकरी मुलांना तिकडच्या गावात शाळेने घ्यावे, दवाखान्याने परत पाठवू नये, असे आपल्याला वाटते. मग आपल्या गावात आलेल्या वाड्यातल्या मुलांविषयीही तेच वाटायला हवे.

६. वचनाच्या उजेडात

उत्पत्तीच्या पुस्तकातले कुलपिता हे कळपामागे चालणारे लोक होते, हे आपण सहज विसरतो. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांचे भांडण देवधर्मावरून झाले नाही. जमीन दोघांच्या कळपांना पुरेना म्हणून झाले. वडील असूनही अब्राहामाने निवड लोटाला दिली.

इसहाकाच्या माणसांनी खणलेल्या दोन विहिरींवर स्थानिक गुराख्यांनी हक्क सांगितला. त्याने भांडत न बसता पुढे जाऊन तिसरी खणली. तिच्यावरून कुणी भांडले नाही, आणि तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले, म्हणजे मोकळी जागा. चालणाऱ्या माणसाला काय हवे असते, ते त्या नावात आले आहे.

आणि योसेफाचे भाऊ. ते फारोपुढे उभे राहून सांगतात की आम्ही मेंढरे राखणारे आहोत, आमच्या देशात दुष्काळ कडक आहे, कळपांना चारा उरला नाही, म्हणून इथे राहायला आलो. मिसरी लोकांना मेंढपाळांचा तिटकारा होता, हेही तिथेच सांगितले आहे. तरीही त्यांना गोशेन प्रांत मिळाला. तो मिळाला कारण दरबारात त्यांच्या बाजूने बोलणारा एक जण होता. इस्राएलाचे घराणे त्या दुष्काळातून वाचले ते परक्या देशाने दिलेल्या चराईमुळे. हे लक्षात ठेवून आपण आपल्या बांधावरच्या वाड्याकडे पाहावे.

७. आपल्या मंडळीला काय करता येईल?

मोठ्या निधीची गरज नसलेली काही कामे :

• ज्यांची खाचरे आहेत त्यांनी कापणीआधीच ठरवावे की कुठले खाचर मेंढ्या बसवायला मोकळे ठेवायचे, आणि शेजारच्या वालाच्या किंवा कांद्याच्या शेतकऱ्याशी बोलून हद्द ठरवावी. बरीचशी भांडणे आधी न बोलल्यामुळे होतात.
• ठरलेले पैसे किंवा भात त्याच वेळी द्यावे. "पुढच्या मुक्कामाला देतो" असे म्हणू नये. वाडा परत मागायला येऊ शकत नाही.
• विहीर किंवा नळ दाखवून द्यावा. वाड्यातली मावशी हंडा घेऊन दारात आली तर तिला दोनदा विचारायला लावू नये.
• अवकाळीचा इशारा आला की वाड्यापर्यंत तो पोचवावा, आणि त्या रात्रीपुरता रिकामा गोठा, पडवी किंवा मांडव कोकरांसाठी उघडावा.
• १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा निःशुल्क क्रमांक आहे. तो आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता वाड्याला सांगावा. मेंढ्या मेल्या तर तलाठ्यापर्यंत सोबत जावे, पंचनामा होईपर्यंत थांबावे, आणि फोटो काढून ठेवावेत.
• शिक्षक बंधुभगिनींनी वाड्यातल्या मुलांची विचारपूस करावी. महिनाभरासाठी का होईना, त्यांना वर्गात बसू द्यावे.
• तरुण संघाने महामेष योजनेचा ऑनलाइन अर्ज भरून द्यायला मदत करावी. ज्याच्या हातात मोबाईल आहे आणि ज्याला मराठी वाचता येते, त्याला हे जमते.

मदत करताना एक पथ्य पाळू. त्यांचे देव, त्यांच्या जत्रा, त्यांची रीत यांवर शेरे मारायचे नाहीत, आणि मदतीच्या बदल्यात कशाचीही अपेक्षा धरायची नाही. तहानलेल्याला पाणी देताना त्याला अट घालत नाहीत.

अभ्यासगटासाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या हंगामात किती वाडे आले? ते कुठल्या तालुक्यातून आले होते? गटातल्या कुणाला माहीत नसेल तर या हंगामात जाऊन विचारा, आणि पुढच्या बैठकीत सांगा.
२. अब्राहामाने लोटाला आधी निवडू दिले. शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यात हद्दीवरून तंटा झाला, तर "आधी निवडू देणे" प्रत्यक्षात कसे दिसेल?
३. गेल्या वीस वर्षांत आपल्या गावातली किती खाचरे कुंपणात गेली? त्याचा परिणाम मेंढपाळांशिवाय आणखी कुणावर झाला?
४. कातकरी कुटुंबे बाहेरगावी जातात तेव्हा त्यांना कशा प्रकारचे स्वागत मिळावे असे आपल्याला वाटते? तेच वाड्याच्या बाबतीत आपण करतो का?
५. योसेफ दरबारात होता म्हणून भावांची बाजू मांडली गेली. ग्रामसभेत मेंढपाळांची बाजू कोण मांडेल? त्यांचे नाव मतदारयादीत आपल्या गावात नसते, हे लक्षात घेऊन उत्तर द्या.

प्रार्थनेचे विषय : यंदाच्या हंगामात वाट चालणारे सर्व वाडे, अवकाळीने कळप गमावलेली कुटुंबे, वाड्यावर बाळंत होणाऱ्या भगिनी, गावी मागे राहिलेले वृद्ध व मुले, आणि खाचर विकावे की राखावे या विचारात असलेले आपल्या मंडळीतील शेतकरी.